वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस थॉमसन

विद्यार्थी मित्रांनो, जिवतीच्या वाटांवर किंवा शेताच्या बांधावर तुम्ही एकदांडी पाहिली असेल. लांब देठाच्या टोकाला एकच फूल दिसते. पण जवळून पाहा, तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. सूर्यफूल, झेंडू आणि शेवंती याच कुळातील. या कुळातील वनस्पती दिसायला सारख्या असल्याने त्या ओळखणे कठीण असते. हे काम चिकाटीने करणाऱ्या डॉ. थॉमस थॉमसन यांची ओळख करून घ्या.

थॉमसन यांचा जन्म १८१७ साली ग्लासगो येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ होते. मुलगा डॉक्टर झाला, पण त्याला ओढ वनस्पतींची होती. १८३९ साली ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरले. नोकरीच्या निमित्ताने ते अफगाणिस्तानात गझनीला गेले. १८४२ साली अफगाणांनी गझनी परत घेतली आणि थॉमसन कैद झाले. जमवलेल्या वनस्पती गेल्या. बुखाऱ्याला गुलाम म्हणून विकले जाण्याची वेळ आली. पण पैसे देऊन त्यांची सुटका झाली.

तुम्ही असता तर पुन्हा वनस्पती गोळा केल्या असत्या का? थॉमसन यांनी केल्या. १८४७-४८ मध्ये ते हिमालय ओलांडून काराकोरम खिंडीपर्यंत गेले. १८५५ साली मित्र हूकर यांच्यासह त्यांनी 'फ्लोरा इंडिका' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे ते प्रमुखही होते. १८६१ साली ते इंग्लंडला परतले.

१८६७ साली त्यांनी सह्याद्रीच्या परिसरात आढळणाऱ्या एका लहानशा रोपाचे शास्त्रीय वर्णन केले. ते सूर्यफुलाच्या कुळातले होते. पण माहीत असलेल्या कोणत्याच गटात बसेना. म्हणून त्यांनी नवी प्रजातीच मांडली: नॅनोथॅम्नस सेरिसिअस. नॅनोथॅम्नस म्हणजे खुजे झुडूप आणि सेरिसिअस म्हणजे रेशमी. रेशीम हा शब्द तर तुमच्या उर्दूतही आहे! या प्रजातीत आजही ही एकच जाती आहे.

१८७८ साली थॉमसन वारले. मित्रांनो, रोप आधीही उगवत होते. त्याचे वेगळेपण मात्र बारकाईने पाहणाऱ्यालाच दिसले. ज्याची ओळखच नाही, ते नाहीसे झाले तरी कोणाला कळणार? म्हणून उद्या शाळेत येताना वाटेवरचे एक फूल न तोडता, थांबून नीट पाहा.