हार्मोनियमला श्रुती शिकवायला गेलेले खाँसाहेब: अब्दुल करीम खाँ यांची गोष्ट

पुण्यात आज कितीतरी घरांच्या एका कोपऱ्यात छोटा स्टुडिओ असतो. लॅपटॉप, हेडफोन आणि २५ किंवा ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, एवढ्या सामानावर अख्खं गाणं तयार होतं. यूएसबी केबल जोडायची, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्ड इनपुट म्हणून निवडायचा, नव्या ट्रॅकवर एखादं वाद्य लावायचं आणि तो ट्रॅक रेकॉर्डसाठी चालू ठेवायचा. पट्टी दाबली की आवाज येतो. गंमत म्हणजे कीबोर्ड स्वतः काहीच वाजवत नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढा निरोप तो पाठवतो. सूर काढायचं काम सॉफ्टवेअरचं.

इथपर्यंत सगळं सुरळीत असतं. मग कुणीतरी मागे तानपुरा लावून त्यावर भूप वाजवायला घेतं आणि गंधार किंचित चढा वाटायला लागतो. केबल ठीक, ड्रायव्हर ठीक, सेटिंग ठीक. तरी कानाला खटकतंच.

याच खटक्याच्या मागे लागून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका मोठ्या गवयाने आपला गळा आणि आपलं नाव पणाला लावलं होतं. ते होते किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

त्यांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. घराण्याला किराणा हे नाव पडलं ते याच गावावरून. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम झाली. घरात गाण्याइतकीच सारंगी आणि बीन होती. सूर लांबवायचा, त्यात मुरायचं, हा त्यांच्या गाण्याचा स्वभाव तिथूनच आला असं जाणकार मानतात.

तरुणपणी ते भाऊ अब्दुल हक यांच्यासोबत बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात पोहोचले. तिथे सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होती. दोघांचं प्रेम जमलं. सरदार घराण्यातली हिंदू मुलगी आणि दरबारातला मुसलमान गवई, त्या काळी हे पचणं अवघडच होतं. दोघांनी बडोदा सोडलं. मुंबई झाली आणि पुढे मिरजेशी कायमची गाठ पडली.

मिरजेत प्लेगने गाठलं, तेव्हा ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन खाँसाहेब बरे झाले, अशी कथा तिथे आजही सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी मिरजेचं आणखी एक आकर्षण होतं. हे गाव तंतुवाद्यं बनवणाऱ्या कारागिरांचं. खाँसाहेबांना वाद्यं नुसती वाजवायची नव्हे, उघडून दुरुस्त करायचीही आवड होती. तानपुरा लावायला ते बसले की वेळ बघायचा नाही, अशी त्यांची ख्याती होती.

पुढची गोष्ट समजायला हा तानपुरा नीट ऐकायला हवा. चांगला लावलेला तानपुरा फक्त सा आणि प देत नाही. खर्जाच्या तारेतून आपोआप एक गंधार उमटतो. कुणी छेडलेला नसतो, तारेच्या कंपनातूनच तो येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आता सप्तकाचे १२०० सारखे भाग केले, ज्यांना सेंट म्हणतात, तर हा गंधार साधारण ३८६ व्या सेंटवर येतो. कीबोर्डवर किंवा बाजारातल्या हार्मोनियमवर मात्र सप्तकाचे बारा समान तुकडे असतात, प्रत्येक १०० सेंटचा. तिथला गंधार येतो ४०० वर. फरक १४ सेंटचा. ऐकायला किरकोळ, पण तानपुऱ्यासोबत तोच टोचतो.

खाँसाहेबांच्या ऐन उमेदीच्या काळात हार्मोनियम नाटकांतून, मैफलींतून, घराघरांतून पसरली होती. शिकायला सोपी, तारा जुळवायची कटकट नाही. जुन्या ग्रंथांत मात्र सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत. बारा पट्ट्यांत बावीस श्रुती बसवायच्या कशा, यावर तेव्हा मोठे वाद झाले.

कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी हा वाद मोजमापाने सोडवायचं ठरवलं. गवयाने सूर लावायचा, तो तारेवर मिळवायचा, तारेची लांबी मोजायची आणि त्यावरून प्रमाण काढायचं. यंत्र सोपं होतं. अवघड होतं ते तोच सूर पुन्हा पुन्हा तितकाच अचूक लावणारा गळा मिळणं. तो गळा अब्दुल करीम खाँ यांनी दिला.

इथे थोडं थांबायला हवं. त्या काळी उस्तादाची विद्या म्हणजे घरची तिजोरी. एखादी चीज शिष्यालाही वर्षानुवर्षं मिळायची नाही. अशा वेळी एक घराणेदार गवई बाहेरच्या माणसासमोर बसून आपला सूर मोजू देतो, यात धाडस होतं. त्यांच्या बिरादरीतल्या अनेकांना हे रुचण्यासारखं नव्हतं.

देवलांचं श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये पुण्यात छापलं गेलं. मुंबई इलाख्यात न्यायाधीश असलेले आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स या कामाने भारावले. त्यांच्या पुढाकाराने जादा पट्ट्या असलेली खास श्रुती हार्मोनियम लंडनमध्ये तयार करून घेतली गेली.

याच सुमारास, १९१३ मध्ये, खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केलं. मुलांनी तिथेच राहायचं, जेवायचं, शिकायचं आणि खर्च भागवायचा तो जलशांतून. मुसलमान उस्तादाने पुण्यात चालवलेल्या शाळेचं नाव आर्य संगीत विद्यालय, हे आज वाचताना नवल वाटेल. कोल्हापूर, धारवाडपासूनची मराठी-कानडी मुलं त्यांच्याकडे शिकून गेली. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर हे त्यांचेच शिष्य. खाँसाहेबांनी टिपू नावाच्या कुत्र्यालाही सुरात आवाज लावायला शिकवलं होतं आणि त्याला लोकांसमोर आणलं होतं, हा किस्सा तर जुन्या पुणेकरांचा आवडता.

मग आलं १९१६. पंडित भातखंड्यांच्या प्रयत्नांतून बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. ज्या शहरातून खाँसाहेबांना ताराबाईंसह निघून जावं लागलं होतं, तेच शहर. श्रुती हार्मोनियम तिथे विद्वानांपुढे आली. ती मान्य झाली नाही. भातखंडे स्वतः बारा स्वर आणि दहा थाटांची मांडणी करत होते. बावीस श्रुतींची ही गणितं त्यांना पटणारी नव्हती.

पेटी का हरली याचं कारण मात्र माणसांच्या भांडणात कमी आणि पट्टीच्या स्वभावात जास्त आहे. पट्ट्या बारा करा नाहीतर बावीस, प्रत्येक पट्टी एका जागी खिळलेली असते. गळा तसा नसतो. तोडीतला गंधार, दरबारीतला गंधार, दोन्ही कोमलच, पण दरबारीतला तर एका जागी उभाच राहत नाही, तो झुलतो. एका सुरातून दुसऱ्यात जाताना गवई मधला सगळा रस्ता ऐकवतो, तिला मींड म्हणतात. पट्टी फक्त मुक्काम दाखवते.

आजच्या मिडी कीबोर्डवाल्याला लंडनहून पेटी मागवावी लागत नाही. १९८३ मध्ये आलेल्या मिडीच्या मूळ नियमांतच पिच बेंड आहे. कीबोर्डच्या डाव्या बाजूचं ते चाक. त्याच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि सहसा वर-खाली दोन-दोन पट्ट्यांपर्यंत सूर सरकतो. या हिशोबाने तो १४ सेंटचा गंधार मधल्या खुणेपासून सुमारे ५६० पायऱ्या खाली सापडतो. अडचण एवढीच की चाक फिरवलं की त्या चॅनेलवरचे सगळेच सूर सरकतात. म्हणून पट्ट्या कायमच्या जुळवायच्या असतील तर सॉफ्टवेअरमधलं ट्यूनिंग बदलायचं. लॉजिक प्रोमध्ये ती सोय आहे, एबलटन लाइव्हच्या १२ व्या आवृत्तीत स्वतंत्र ट्यूनिंग सिस्टिम आल्या आहेत. आधी ट्यूनिंग लावा, मींडेसाठी चाक ठेवा, आणि सा बदलला की ट्यूनिंगचा सा बदलायला विसरू नका. देवल आणि क्लेमेंट्स यांना जे लाकूड-पितळेत करावं लागलं, ते इथे दोन मिनिटांत होतं. झुलणारा गंधार मात्र अजूनही बोटालाच शिकवावा लागतो.

बडोद्यानंतर खाँसाहेबांच्या घरातच तडा गेला. १९२० च्या आसपास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावंही बदलली. अब्दुल रेहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई झाल्या, सकीना सरस्वती झाल्या. हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही नावं पुढे साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. वडिलांचं नाव मुलांपासून सुटलं, गाणं सुटलं नाही.

पुण्याचं विद्यालय मागे पडलं, खाँसाहेब मिरजेत स्थिरावले. दक्षिणेत त्यांना मोठा मान मिळाला. म्हैसूर दरबारात ते गायले, कर्नाटक संगीताची सरगम त्यांनी आपल्या गाण्यात आणली, त्यागराजांची रचनाही रेकॉर्ड केली. १९३० च्या दशकात ओडियन कंपनीसाठी केलेल्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांनी त्यांचा आवाज घरोघरी नेला. त्यांची झिंझोटीतली ठुमरी आजही यूट्यूबवर ऐकली जाते. ऐकताना मागचा तानपुरा आणि त्यांचा सूर वेगळा काढून बघा, जमत नाही.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत छातीत दुखू लागलं आणि सिंगपेरुमाल कोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावरच बिछाना घातला. त्यांनी तानपुरा जुळवायला लावला आणि दरबारीच्या सुरांत प्रार्थना म्हटली, असं सांगतात. २७ ऑक्टोबरला तिथेच त्यांनी देह ठेवला.

त्यांना मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी पुण्यात महोत्सव सुरू केला तो १९५३ साली, म्हणजे किराण्याची तिसरी पिढी. आणि मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी दरवर्षी खाँसाहेबांच्या आठवणीत मैफल होते, देशभरातले गवई तिथे येऊन गातात. तानपुरे गावातलेच असतात.