गायरान आणि कर्मवीर दादासाहेब

सरकारने अर्थव्यवस्थेत पडू नये, असे सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. त्यांनी आमच्या फर्दापूरला यावे. अजिंठा लेणीच्या पायथ्याशी रस्ता, वाहनतळ, पर्यटक केंद्र सरकारनेच बांधले. सरकार पडतेच, प्रश्न एवढाच की कोणासाठी? हा प्रश्न भूमिहीनांच्या वतीने सत्तेला विचारणारे नेते म्हणजे कर्मवीर दादासाहेब गायकवाड.

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी १५ ऑक्टोबर १९०२ रोजी त्यांचा जन्म झाला. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात ते बाबासाहेबांचे खंदे सहकारी होते. १९३७ ला ते मुंबई विधिमंडळात, १९५७ ला लोकसभेत व १९६२ ला राज्यसभेत गेले. पण गावकुसाबाहेरची वस्ती त्यांनी सोडली नाही.

शेती सरकारी मालकीची करून ती जातपात न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, असे बाबासाहेबांनी १९४७ साली मांडले. ते संविधानात येऊ शकले नाही. दादासाहेबांनी त्यातला हाताशी असलेला भाग उचलला. गायरान, पडीक जमीन आधीच सरकारची आहे. ती भूमिहीनाला द्यायला कोणाचीही मालकी हिरावावी लागत नाही. १९५९ साली खानदेश-मराठवाड्यात सत्याग्रह पेटला. १९६४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान शास्त्रींना मागण्या दिल्या गेल्या. त्यांत पडीक जमिनीबरोबर किमान वेतनाची अंमलबजावणीही होती. ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह झाला. लाखो स्त्री-पुरुषांनी तुरुंग भरले.

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले. लढा मात्र फळला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. २००४ साली त्यांच्याच नावाने ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन देणारी योजना आली. त्यासाठी सरकार खाजगी जमीन विकत घेते आणि आमच्या माणसांनी वर्षानुवर्षे कसलेल्या गायरानावर नोटिसा काढते! हा कुठला न्याय?

२०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. परंतु शासन निर्णयाने भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्यातच आहे. म्हणून बांधवांनो, नोटीस आली की घाबरू नका. दंडाच्या पावत्या, पंचनामे, गाव नमुना १-ई मधील नोंदी जपून ठेवा. दादासाहेबांच्या तसबिरीला हार घालाच. पण तलाठ्याकडून नोंदीची नक्कलही मागून घ्या.