झाक प्लांत : एका गोलरक्षकाचें चरित्र

हॉकी म्हटली म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें मैदान, वांकडी काठी व पांढरा चेंडू उभा राहतो. कॅनडा देशांतील हॉकी याहून अगदीं निराळी आहे. तेथें पायांत पोलादी पात्यांचे जोडे घालून गोठलेल्या बर्फावर घसरत हा खेळ खेळतात. चेंडूऐवजीं कठीण रबराची तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची चकती असते. तिला पक म्हणतात. कसलेल्या गड्याच्या फटक्यानें ही चकती सुटली म्हणजे भरधांव मोटारीच्या वेगानें येते, आणि जाळ्याच्या तोंडाशीं उभा असलेला गोलरक्षक तिला स्वतःच्या अंगावर घेतो. या खेळांतील सर्वांत मोठ्या स्पर्धेंत, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्यें, गोलरक्षक पायांस व छातीस जाड गाद्या बांधीत. परंतु १९५९ सालापर्यंत तोंड मात्र उघडेंच ठेवीत. एक क्लिंट बेनेडिक्ट नांवाचा गोलरक्षक १९३० सालीं थोडे सामने चामड्याचा मुखवटा घालून खेळला होता. पण ती गोष्ट तेथेंच राहिली. मुखवटा घालणें म्हणजे भित्रेपणा, असा समज रूढ होता. हा समज ज्यानें मोडला त्याची ही हकीकत आहे.

झाक प्लांत याचा जन्म १७ जानेवारी १९२९ रोजीं क्वेबेक प्रांतांत एका खेड्याजवळ, फ्रेंच बोलणाऱ्या कुटुंबांत झाला. अकरा भावंडांत तो वडील. बाप शाविनिगन गांवीं कारखान्यांत कामास होता. घरांत खाणारीं तोंडें पुष्कळ व मिळकत बेताची. आईनें थोरल्या मुलास स्वयंपाक शिकविला, विणकाम शिकविलें. (आमच्याकडे मुलगा विणावयास बसला तर शेजारीपाजारी काय म्हणतील, हें पालकांस सांगावयास नको.) हें विणकाम त्यानें जन्मभर सोडलें नाहीं. पुढें नामांकित खेळाडू झाल्यावरही तो स्वतःच्या लोकरी टोप्या स्वतः विणीत असे.

लहानपणापासून त्याला दमा होता. थंडींत फार वेळ घसरत धांवलें कीं श्वास कोंडे. म्हणून ज्याला कमी धांवावें लागतें ती गोलरक्षकाची जागा त्याच्या वांट्यास आली. बापानें झाडाच्या मुळापासून त्याला काठी कोरून दिली. बटाट्यांचीं पोतीं भरून व त्यांस लांकडी फळ्या लावून पायांच्या गाद्या झाल्या. शाळेच्या संघांतील गोलरक्षक एके दिवशीं प्रशिक्षकाशीं भांडून निघून गेला; दुसरा कोणी नव्हता, म्हणून ह्या पोरास उभें केलें. पुढें बापाच्या कारखान्याच्या संघाकडून खेळतांना त्याला दर सामन्यास पन्नास सेंट मिळत. प्लांताची पहिली कमाई ती हीच.

जाळें सोडून पुढें येणें, गोलाच्या मागें जाऊन चकती अडविणें व ती आपल्या गड्यांकडे सरकविणें, ही त्याची रीत तरुणपणींच पडली. संघांतील पाठीचे गडी मंद होते, तेव्हां त्यांचें काम आपणच कां करूं नये, असा त्याचा सरळ हिशेब. जाणत्यांस हें वेडेपण वाटलें. आज मात्र बर्फावरचा प्रत्येक गोलरक्षक हेंच करतो.

माँट्रियल कॅनेडियन्स ह्या संघाकडून तो १९५२ सालीं प्रथम खेळला. १९५३ च्या वसंतांत उपांत्य फेरींत शिकागोच्या संघानें तीन सामने जिंकून माँट्रियलला कडेस आणलें होतें. एक सामना गेला कीं सर्व संपलें. अशा वेळीं प्रशिक्षक डिक अर्व्हिन यानें नेहमींचा गोलरक्षक बसवून ह्या नवख्यास उतरविलें. त्या सामन्यांत शिकागोस एकही गोल करतां आला नाहीं. पुढचा सामनाही माँट्रियलनें जिंकला, आणि शेवटीं त्या वर्षींचा स्टॅन्ले चषकही. पुढें १९५६ पासून १९६० पर्यंत ओळीनें पांच वर्षें तो चषक माँट्रियलकडे राहिला, व त्या पांचही वर्षीं उत्कृष्ट गोलरक्षणाचें व्हेझिना पारितोषिक प्लांतास मिळालें.

पण ह्या यशाची किंमत तो चेहऱ्यानें देत होता. गालाचें हाड मोडलें, नाक मोडलें, टांके किती पडले त्यास गणती नाहीं. सरावांत तो मुखवटा वापरूं लागला. एका सामन्यांत त्याच्या कपाळावर चकती बसलेली बर्चमोर नांवाच्या एका गृहस्थानें पाहिली. फायबरग्लास बनविणाऱ्या कंपनींत तो नोकरीस होता. त्यानें प्लांताच्या चेहऱ्याचा सांचा घेऊन तंतोतंत बसणारा मुखवटा तयार केला. प्रशिक्षक टो ब्लेक यास तो सरावापुरता चाले, सामन्यांत नको. मुखवट्यानें पायांजवळची चकती दिसणार नाहीं, आणि तोंड सुरक्षित झालें कीं गडी सुस्त होईल, असें त्याचें मत होतें.

१ नोव्हेंबर १९५९ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें सामना सुरू होऊन तीन मिनिटें झालीं होतीं. अँडी बाथगेटचा फटका सरळ प्लांताच्या तोंडावर बसला. रक्तानें माखलेल्या स्थितींत त्यास आंत नेलें व टांके घातले. त्या काळीं संघ दुसरा गोलरक्षक बरोबर नेत नसत. प्रेक्षक वाट पाहत बसले होते. प्लांतानें सांगितलें कीं मुखवट्यावांचून मी बर्फावर पाऊल ठेवणार नाहीं. ब्लेक संतापला, पण करतो काय? जखम भरेपर्यंतच, अशी अट घालून त्यानें परवानगी दिली. प्लांत मुखवटा घालून उतरला आणि माँट्रियलनें तीन विरुद्ध एक गोलांनीं सामना जिंकला.

जखम भरली, मुखवटा उतरला नाहीं. संघ ओळीनें अठरा सामने अपराजित राहिला, तशी ब्लेकची कुरकुर कमी झाली. ८ मार्च १९६० रोजीं त्याच्या आग्रहास्तव प्लांत एकदां उघड्या तोंडानें खेळला. त्या दिवशीं डेट्रॉइटनें तीन गोलांनीं हरविलें. दुसऱ्या दिवशीं मुखवटा परत आला, तो कायमचा.

येथें मला आमच्या शाळेचें मैदान आठवतें. पॅड न बांधतां फलंदाजीस उभा राहणारा मुलगा सोबत्यांत शूर ठरतो, व पॅड मागणारा भित्रा. ह्या मुलांस मी नेहमीं विचारतों कीं ज्यानें भर गर्दींत, रागावलेल्या प्रशिक्षकासमोर, नाहीं म्हणून सांगितलें, त्यास कोणत्या रांगेंत बसवाल?

प्लांत सर्वांस प्रिय होता असें मात्र नाहीं. तो एकलकोंडा होता, पैशास चिकट होता. टोरांटोस संघ ज्या हॉटेलांत उतरे तेथें आपला दमा वाढतो म्हणून तो निराळा राही; सोबत्यांस हें ढोंग वाटे. १९६२ सालीं लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट चषक त्यास मिळाला, आणि पुढच्याच वर्षीं माँट्रियलनें त्यास न्यूयॉर्कच्या संघास देऊन टाकलें. १९६५ सालीं तो निवृत्त झाला.

तीन वर्षांनीं तो सेंट लुईसच्या संघांत परतला व चाळिसाव्या वर्षीं सातव्यांदा व्हेझिना पारितोषिकाचा भागीदार झाला. १९७० च्या अंतिम फेरींत एक चकती थेट त्याच्या मुखवट्यावर आदळली. मुखवटा फुटला, प्लांत बेशुद्ध पडला. पण जीव वांचला. त्याच वर्षीं त्यानें मुखवटे बनविण्याचा कारखाना काढला. पुढें टोरांटोस असतां बर्नी परांट नांवाच्या तरुण गोलरक्षकास त्यानें आपली विद्या मोकळ्या मनानें शिकविली. त्या परांटच्या फिलाडेल्फिया संघानें १९७४ व १९७५ सालीं स्टॅन्ले चषक जिंकला. १९७४ नंतर नॅशनल हॉकी लीगमध्यें उघड्या तोंडाचा गोलरक्षक दिसला नाहीं.

अखेरचीं वर्षें प्लांतानें स्वित्झर्लंडमध्यें घालविलीं. २७ फेब्रुवारी १९८६ रोजीं जिनीव्हा येथें पोटाच्या कर्करोगानें त्याचा अंत झाला. त्या वेळीं क्वेबेकच्या मुलांचा एक हॉकी संघ स्पर्धेसाठीं त्या देशीं आलेला होता. शवपेटी मंदिराबाहेर आणली तेव्हां ह्या मुलांनीं दोहों बाजूंस उभें राहून आपल्या काठ्या उंच धरल्या, आणि त्या कमानीखालून त्यास नेण्यांत आलें.