इंद्रवज्र पाहणाऱ्या कर्नल साईक्स यांनी आपल्या नद्यांतले मासेही जगाला सांगितले होते

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जाऊन आलेल्या प्रत्येकाने एक नाव ऐकलेलं असतं. कर्नल साईक्स. कड्याखालच्या धुक्यात गोल इंद्रधनुष्य दिसतं, त्याला आपण इंद्रवज्र म्हणतो. त्याची पहिली नोंद साईक्स यांच्या नावावर आहे. 'त्यांनी ते १८३५ मध्ये पाहिलं' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण १८३५ हे त्यांचा दख्खनच्या हवामानावरचा निबंध लंडनमध्ये छापून आला ते वर्ष आहे. साईक्स १८३१ मध्येच भारत सोडून गेले होते. म्हणजे दृश्य त्याआधीचं आणि छपाई नंतरची.

पण याच साईक्स यांनी डोंगराखालच्या पाण्यातही डोकावून पाहिलं होतं. ते काम फारसं कुणाला माहीत नाही.

विल्यम हेन्री साईक्स यांचा जन्म १७९० चा. चौदाव्या वर्षाच्या आसपास ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात होते. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत ते पेशव्यांच्या विरुद्ध बाजूला होते. पेशवाई बुडाली आणि कंपनीच्या हातात एक प्रचंड मुलूख आला. त्यात नेमकं काय काय आहे, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

म्हणून १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी साईक्स यांना संख्याशास्त्रीय पाहणीचं काम दिलं. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे त्यांचे चार जिल्हे. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा आजच्या अहिल्यानगरपेक्षा बराच मोठा होता. माणसं, पिकं, जमिनी, बाजार, पाऊस असं सगळं मोजायचं होतं. हेतू काही निव्वळ ज्ञानाचा नव्हता. सारा किती बसवता येईल, हे कंपनीला हवं होतं. पण साईक्स यांचं कुतूहल सरकारी तक्त्यात मावणारं नव्हतं. १८२९ मध्ये पदच रद्द झालं, तरी काम संपवायला ते थांबले. भारतीय लांडग्याला शास्त्रीय नाव त्यांनीच दिलं. एका चंडोलाला आजही 'साईक्सचा चंडोल' म्हणतात.

आता मासे. दख्खनच्या माशांवरचं त्यांचं लेखन १८३९ मध्ये थोडक्यात आणि १८४१ मध्ये चित्रांसह लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने छापलं. त्यात भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांमधले मासे होते. पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतला महाशीर त्यात आहे. (ही मुळा वेगळी. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावून अकोले, राहुरीकडे जाणारी अहिल्यानगरची मुळा वेगळी. ती प्रवरेला मिळते.) नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेला इंद्रायणीतला नुकटाही त्यात आहे.

खरी गंमत नावांमध्ये आहे. त्या काळी युरोपातले अभ्यासक लॅटिन नाव द्यायचे किंवा एखाद्या साहेबाचं. साईक्स यांनीही काही माशांना तशी नावं दिली. पण बऱ्याच माशांना त्यांनी नदीकाठी ऐकलेली नावं तशीच लावली. खुद्री, कोळस, शिंगटी, मुरे, नुकटा. उच्चार इंग्रजी कानाने ऐकलेले, त्यामुळे थोडे वाकडे झाले. तरीही आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत दख्खनी महाशीराचं शास्त्रीय नाव घेताना 'खुद्री' म्हणावंच लागतं. हे शब्द ज्यांच्या तोंडून आले, त्या मासे धरणाऱ्यांची नावं मात्र शास्त्रात कुठेच आली नाहीत.

साईक्स यांनी नावांपुरतं काम केलं नाही. तोंडाची ठेवण, मिशा, खवले, पर अशी बारीक वर्णनं त्यांनी केली. छोट्या ओढ्यावर गळ घेऊन जाणाऱ्याला आजही नेमकं हेच कळायला हवं असतं. तोंड खालच्या बाजूला असेल तर मासा तळाशी चरतो. तोंड पुढे किंवा वर असेल तर तो पाण्यावर पडलेला किडाही उचलतो. फ्लाय फिशिंग, म्हणजे दोरा-पिसांची खोटी माशी पाण्यावर टाकून मासा पकडणं, चालतं ते अशा माशांवर.

मग रॉड कोणता? मोठ्या नदीतल्या महाशीरासाठी लांब, दणकट रॉड ठीक. सह्याद्रीतल्या ओढ्यावर तो घेऊन गेलात तर पहिल्याच फेकीला दोरी जांभळाच्या फांदीत अडकणार. दोन्ही काठांवर करवंदीच्या जाळ्या, डोक्यावर उंबर, समोर जेमतेम खाटेएवढा डोह. तिथे सहा-सात फुटांचा हलका रॉड लागतो. फेकही डोक्यावरून न करता आडवी, फांद्यांखालून करायची. बांबूची आखूड काठी घेऊन ओढ्यावर बसणाऱ्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे वर येतात, तेव्हा गळ घरीच ठेवलेला बरा. ते अंडी घालायला निघालेले असतात.

इंग्लंडला परतल्यावर साईक्स यांचं दुसरं आयुष्य सुरू झालं. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पुढे ज्या कंपनीत पोरवयात भरती झाले, तिचेच ते अध्यक्ष झाले. १८५७ मध्ये ॲबरडीनमधून खासदार म्हणून निवडून आले आणि १८७२ मध्ये मरेपर्यंत ती जागा त्यांच्याकडेच राहिली.

त्यांनी पाहिलेल्या नद्या आता तशा उरलेल्या नाहीत. प्रवरेवर भंडारदरा झालं, मुळेवर मुळा धरण झालं, भीमेवर उजनी. खुद्रीची पिल्लं लोणावळ्याच्या केंद्रात तयार करून पाण्यात सोडली गेली, त्यामुळे तो मासा बऱ्यापैकी टिकला. नुकट्याच्या वाट्याला ते आलं नाही. तो आज धोक्यात असलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे, साईक्स यांनी ऐकलेल्या त्याच नावाने.