बेंटलींचे तीन दांडे

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. यंत्राशी संबंध मोटारसायकलला किक मारण्यापुरता. तरी डब्ल्यू. ओ. बेंटली (१८८८–१९७१) यांच्या चरित्राने मला खिळवून ठेवले. सोळाव्या वर्षी ते डाँकास्टरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवार म्हणून लागले. पुढे मोटारी बनवू लागले. इंजिनाच्या माथ्यावरचा, झडपा उघडणारा कॅमशाफ्ट फिरवायचा कशाने, हा त्यांचा पेच. पहिल्या तीन लिटर मोटारीत त्यांनी उभा शाफ्ट आणि दातेरी चाके घातली. अचूक, पण आवाज करणारी! १९२६ च्या साडेसहा लिटर मोटारीचे गिऱ्हाईक श्रीमंत. त्यांना शांतता हवी. साखळी झिजून लांबते, झडपांची वेळ चुकते. रबरी पट्टा तेव्हा नव्हताच. मग आगगाडीची चाके जोडणाऱ्या दांड्यांसारखे तीन दांडे त्यांनी इंजिनाच्या मागल्या अंगाला बसवले. जुना रेल्वे उमेदवारच इथे जागा झाला असावा! काम खर्चिक, पण चाल शांत. याच जातीच्या ‘स्पीड सिक्स’ने १९२९ व १९३० साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

जमाखर्च मात्र जुळला नाही. १९३१ मध्ये रोल्स-रॉईसने कंपनी विकत घेतली आणि बेंटली स्वतःच्याच नावाच्या कंपनीत नोकर झाले. १९३५ मध्ये ते लगोंडा कंपनीत गेले. तिथे त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात कॅमशाफ्ट फिरवायला साखळीच होती.