प्रश्न विचारणारे वांग छुंग

इ. स. 27 मध्ये चीनमधील शांगयू येथे वांग छुंग यांचा जन्म झाला. घरी दारिद्र्य होते, पितृछत्रही बालपणीच हरपले. विद्याध्ययनासाठी ते राजधानी लुओयांगला गेले. पण बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले ग्रंथ विकत घेण्याची ऐपत नव्हती. बाजारातील दुकानांत फिरून ते विक्रीचे ग्रंथ तेथेच वाचीत आणि एकदा वाचलेले त्यांच्या स्मरणात राही, अशी नोंद आहे. पुढे त्यांनी गावी अध्यापन केले, काही किरकोळ सरकारी पदे भूषविली. 'लुनहंग' हा त्यांचा ग्रंथ 85 प्रकरणांचा. त्यांतील एक आता केवळ नावाने उरले आहे.

वीज पडून कोणी मेला की आकाशाने पाप्याला शासन केले, असे तेव्हा लोक मानीत. वांग छुंग यांनी प्रेताचे जळालेले केस व करपलेली कातडी दाखवून वीज म्हणजे अग्नीच, असे प्रतिपादले. मृतांची भुते होत असती तर वाटेवर पावलोपावली त्यांची दाटी झाली असती, आणि भूत आत्म्याचे असेल तर त्याच्या अंगावर वस्त्रे कोठून येतात, हेही त्यांनी विचारले.

आमच्या सातपुड्यात आजारपणाचे खापर एखाद्या निराधार स्त्रीच्या माथी फोडून तिला डाकीण ठरविल्याच्या घटना घडल्या आहेत. खापर गावी राहणाऱ्या आम्हांस हा वाक्प्रचार अंमळ अधिकच बोचतो. तिच्या बाजूने असा साधा प्रश्न विचारणारा तेथे कोणी नसतो.

मनुष्याचे दैव जन्मतःच ठरते, असे मात्र वांग छुंग स्वतः मानीत. तेथे आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. इ. स. 100 च्या सुमारास त्यांचे निधन झाले.