देवळालीचे कापरेकर मास्तर

डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर तीन दशकांहून अधिक काळ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. चारही अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांनी होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान वजा करीत जावे. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते व पुढे बदलत नाही, हा त्यांचा १९४९ सालचा शोध.

आधारांक दहाऐवजी दुसरा घेतला की असे गुण पालटतात, म्हणून अनेक गणितज्ञांनी हे कार्य करमणुकीत जमा केले. आक्षेप सर्वस्वी खरा नव्हता. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी हर्षद म्हटले. त्यांपैकी बारा ही संख्या एक अष्टमान पद्धती वगळता सर्वत्र हर्षदच राहते.

१९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये दखल घेतली, तेव्हा मास्तर सत्तरीचे झाले होते. १९८६ साली ते निवर्तले.